केवळ वाचनार्थ

घरातील काही वस्तू अशा असतात की त्यांची खोड मोडली असे आपण दहा वेळा म्हणावे आणि अकराव्या वेळी ती खोड आपल्याकडे पाहून पुन्हा हसावी. कधीच नीट न मिटणारे कपाटाचे दार, पावसाळ्यात हटकून फुगणारी खिडकी, आज सरळ केली तरी उद्या कललेली दिसणारी भिंतीवरची तसबीर, यांच्याशी आमचा जुना परिचय आहे. अशा वस्तूंपुढे मनुष्य दोन प्रकारांनी वागतो. कोणी तिचा नाद सोडून देतो, तर कोणी तिला रोज सरळ करीत राहतो आणि आपण काहीतरी करीत आहो एवढ्यावरच समाधान मानतो. आम्ही या दुसऱ्या वर्गातले. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या संगणकातील एका फोल्डराने या स्वभावाची पुरती परीक्षा पाहिली. ती हकीकत येथे सांगावयाची आहे. ती ऐकून एखाद्या वाचकाची एक संध्याकाळ वाचली, तर आमच्या ज्या चार संध्याकाळी वाया गेल्या त्यांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

आमचे वडील, ज्यांना सारे घर नाना म्हणत असे, वाईच्या एका मराठी शाळेत आयुष्यभर मास्तरकी करून निवृत्त झाले. २०११ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून संगणक विकत घेतला. इतक्या उशिरा हा खटाटोप कशाला, असे आम्ही विचारले तेव्हा, "आठवणी लिहावयाच्या आहेत; हाताला कंप आहे, बोटाला नाही," एवढेच उत्तर मिळाले. मग उजव्या हाताच्या एका बोटाने, कळफलकावरील अक्षर शोधून शोधून, त्यांनी सात वर्षे आठवणी लिहिल्या. एकेका प्रकरणाची एकेक फाइल अशा चौतीस फाइली झाल्या, आणि त्या 'आठवणी' नावाच्या एकाच फोल्डरात राहिल्या. नानांच्या मेजाला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. शाईची दौत उजवीकडून डावीकडे गेली तरी त्यांना कळे आणि घरातील प्रत्येकाची चौकशी होई. संगणकालाही तोच नियम होता. त्यामुळे त्यांच्या हयातीत त्या चौतीस प्रकरणांतील एकही ओळ आमच्यापैकी कोणी वाचली नाही. २०१९ साली नाना गेले. संगणकावर एक पंचा झाकून ठेवला गेला आणि तो तसाच राहिला.

या वर्षी आमच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, आठवणी छापून नातेवाइकांत वाटाव्यात असे मनावर घेतले. पंचा काढून पाहतो तो संगणक सुरू होण्याचे नाव घेईना. गल्लीतील दुरुस्तीवाल्याने सांगितले की यंत्र गेले, पण हार्ड डिस्क शाबूत आहे. त्याने ती काढून एका डबीत बसवून दिली. वायरीने ती आम्ही आमच्या नव्या लॅपटॉपला जोडली, तेव्हा विंडोजने प्रथमच हरकत घेतली. हे फोल्डर उघडण्याची तुम्हांस परवानगी नाही, 'कंटिन्यू' दाबल्यास ती कायमची मिळेल, असा त्या सूचनेचा मथितार्थ होता. आम्ही तत्काळ दाबले. हिरवी पट्टी सावकाश सरकली आणि चौतीसही फाइली ओळीने पुढे आल्या. दोन दिवस आम्ही दुसरे काही केले नाही, वाचीत बसलो. कोयनेच्या भूकंपाची ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट, कृष्णेच्या घाटावरची पोहण्याची शाळा, पहिल्या पगारातून आजीसाठी घेतलेले लुगडे, असे किती तरी त्यांत होते की जे नानांनी तोंडाने कधी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुद्रणासाठी मजकूर तपासावयास बसलो आणि घोडे अडले. फाइल उघडली की तिच्या नावापुढे 'रीड-ओन्ली' असे शब्द दिसत. याचा अर्थ 'केवळ वाचनार्थ'. ऱ्हस्वाचे दीर्घ करून जतन करावयास जावे, तर ही फाइल केवळ वाचनार्थ आहे, दुसऱ्या नावाने ठेवा, असा सल्ला मिळे. आता कोणी म्हणेल की मग दुसऱ्या नावाने ठेवावयास काय हरकत होती? हरकत अशी की आम्ही तीस वर्षे साहित्य शिकविण्यात घालविली आहेत. एका ग्रंथाच्या दोन प्रती झाल्या की पाठभेद जन्माला येतात आणि पाठभेदांपाठोपाठ भांडणे येतात, हे आम्ही पुस्तकांतून पाहिले आहे. ते आपल्या घरात नको, जे करावयाचे ते मूळ प्रतीतच, असा आमचा हट्ट होता.

म्हणून आम्ही 'आठवणी' या फोल्डरावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले. खाली 'रीड-ओन्ली' असे लिहिलेली एक चौकट होती आणि तिच्यात एक भरीव चौकोन बसला होता. रोग सापडला असे वाटून आम्ही तो चौकोन काढला. बदल एवढ्याच फोल्डरास लागू करावयाचा की आतील सर्व फाइलींस, असे यंत्राने विचारले. सर्वांस, असे आम्ही सांगितले. त्याने व्यवस्थापकाची संमती मागितली, तीही दिली. सर्व यथासांग पार पडले. मग सहज खात्री करावी म्हणून तीच खिडकी पुन्हा उघडली, तो चौकोन आपल्या जागी हजर! पुन्हा काढला, पुन्हा हजर. पहिल्या संध्याकाळी असे सात वेळा झाले. दुसऱ्या संध्याकाळी लॅपटॉप बंद करून सुरू केला. विषाणू असेल म्हणून सर्व डिस्क तपासून घेतली, त्यात दोन तास गेले आणि विषाणू काही निघाला नाही. तिसऱ्या संध्याकाळी आमच्या एका पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी काळ्या खिडकीत 'ॲट्रिब' नावाची आज्ञा लिहावयास सांगितली. तिच्यापुढे उणे चिन्ह आणि 'आर' हे अक्षर घातले असता ही खूण मुळासकट जाते, असे त्यांचे म्हणणे होते. आज्ञा निमूटपणे पाळली गेली. चौकोन मात्र जेथल्या तेथे होता.

ताईला फोनवर ही कथा सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, "अरे, नानांचे मेज आहे ते. त्यांनी जिवंतपणी हात लावू दिला नाही, आता तरी कसा देतील?" आम्हीही हसलो. परंतु खरे सांगावयाचे तर ते हसणे आमच्या मनात काहीसे रुतून बसले. आणि त्याचे कारण येथे कबूल केले पाहिजे.

आम्हांस केवळ ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करावयाचे नव्हते. सत्ताविसाव्या प्रकरणात आमच्या आईच्या अखेरच्या आजाराची हकीकत आहे. १९९८ सालची ती गोष्ट. आई चौथ्या दिवशी गेली. नानांनी त्या चार दिवसांचे वर्णन एका पानात उरकले आहे आणि त्या पानात आमच्याविषयी दोनच वाक्ये आहेत. चिरंजीव तिसऱ्या दिवशी आले. परीक्षेचे काम होते. बस्स, एवढेच. त्या वेळी आम्ही नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि परगावच्या एका परीक्षा केंद्रावर होतो. निरोप आमच्या कॉलेजच्या कचेरीत गेला, तेथून तो आमच्यापर्यंत पोहोचावयास दीड दिवस लागला, आणि मिळेल त्या गाडीने आम्ही निघालो. हे सारे नानांना आम्ही त्या वेळी सांगितले नाही आणि पुढे सांगण्याचा प्रसंग आला नाही. आता हे पुस्तक शंभर घरांत जाणार. आमची मुले आणि भाचरे ते वाचणार. त्या दोन वाक्यांपुढे तिसरे एक वाक्य घालावे, निरोप उशिरा पोहोचला होता एवढेच, असे आम्ही ठरविले होते. त्या एका वाक्यासाठी आम्हांस मूळ प्रतीत लिहिण्याचा अधिकार हवा होता. म्हणून तो चौकोन जितक्या वेळा परत येई, तितक्या वेळा आम्हांस नानांनी चष्म्यावरून पाहिल्याचा भास होई.

चौथ्या दिवशी रविवार होता. ताईची मुलगी पुण्याहून आली. ती पुष्कळ वर्षे संगणकाच्या धंद्यात आहे. आमची सारी कैफियत तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, "मामा, आधी तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर एक नवे फोल्डर करा." केले. "आता त्याच्या प्रॉपर्टीज पाहा." पाहिल्या, तो त्या कोऱ्या करकरीत फोल्डरावरही तोच भरीव चौकोन! "आता त्यात एक फाइल लिहून जतन करून पाहा." फाइल विनातक्रार जतन झाली. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहू लागलो. "मामा, तो चौकोन म्हणजे कुलूप नव्हेच," ती म्हणाली. "चार दिवस तुम्ही भलत्याच दाराशी झटापट करीत होता."

तिने जे समजावून सांगितले त्याचा सारांश असा. 'रीड-ओन्ली' ही खूण जुन्या डॉसच्या काळापासूनची, म्हणजे १९८० च्या दशकातील आहे. प्रत्येक फाइलीबरोबर चार बारीक खुणा ठेवलेल्या असत. ही वाचनार्थ आहे, ही लपविलेली आहे, ही यंत्रणेची आहे, हिची नक्कल घ्यावयाची राहिली आहे, अशा त्या खुणा. फाइलीवर वाचनार्थची खूण असली तर ती खरोखरच बदलता येत नाही. परंतु फोल्डरावर हीच खूण असली तर विंडोज तिला बंदी म्हणून जुमानीत नाही. खूण असलेल्या फोल्डरात फाइल घालता येते, त्याचे नाव बदलता येते, ते पुसूनही टाकता येते. फोल्डराच्या बाबतीत विंडोजने तिचा उपयोग निराळ्याच कामाकडे केला आहे. काही फोल्डरांस स्वतःचे चित्र, स्वतःचे नाव किंवा मांडणीची विशेष रीत दिलेली असते, आणि त्याविषयीच्या सूचना आत 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाच्या लपविलेल्या फाइलीत असतात. प्रत्येक फोल्डर उघडून अशी फाइल आहे की नाही हे पाहत बसावयास नको, म्हणून विशेष फोल्डरास बाहेरूनच ही खूण केलेली असते. आठवण राहावी म्हणून आपण उपरण्याला गाठ मारतो तशीच ही गाठ. गाठ दिसली की आत पाहावयाचे, एवढाच तिचा अर्थ.

आणि तो भरीव चौकोन तर गाठही नव्हे. 'प्रॉपर्टीज'मधील ती चौकट फोल्डराविषयी बोलतच नाही, आतील फाइलींविषयी बोलते. आतील प्रत्येक फाइल तपासून काहींवर खूण आहे, काहींवर नाही, असा हिशेब करीत बसण्याऐवजी विंडोज प्रत्येक वेळी भरीव चौकोन दाखवून मोकळे होते. सांगता येत नाही, असे त्याचे म्हणणे. आपण तो काढला म्हणजे आतील फाइलींवरील खूण जाते. खिडकी पुन्हा उघडली की विंडोज पुन्हा सांगता येत नाही असे म्हणते. आम्ही चार दिवस जे पालथे घालीत होतो ते त्या बापड्याचे 'सांगता येत नाही' होते!

मग खरे कुलूप कोठे होते? भाचीने त्याच खिडकीतील 'सिक्युरिटी' हे पान उघडले. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर फाइली ठेवण्याची 'एनटीएफएस' नावाची नवी पद्धत आली, आणि २००१ नंतर एक्सपीबरोबर ती घरोघर पसरली. या पद्धतीत प्रत्येक फाइलीला एक मालक असतो आणि कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे याची एक यादी फाइलीबरोबर असते. जुन्या 'फॅट' पद्धतीच्या पेनड्राइव्हवर मालकीचा हा प्रश्नच येत नाही, कारण तेथे मालक ही कल्पनाच नाही. 'आठवणी' या फोल्डराच्या यादीत आमचे नाव होते आणि त्यापुढे वाचण्याचा अधिकार नोंदलेला होता. पहिल्या दिवशी 'कंटिन्यू' दाबून जी कायमची परवानगी आम्ही मिळविली, ती एवढीच होती. वाचण्याची होती, लिहिण्याची नव्हती. आमच्या नावाच्या वर एक चमत्कारिक ओळ होती. 'अकाउंट अननोन', म्हणजे अज्ञात खाते, आणि त्यापुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा अंकांचा एक लांबच लांब तांडा.

हा अज्ञात इसम कोण, असे आम्ही विचारले. भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हेच आजोबा. फोल्डरचे मालक अजून तेच आहेत, मामा."

यंत्र माणसास नावाने ओळखीत नाही. खाते प्रथम उघडले जाते तेव्हा ते त्यास एक क्रमांक देते आणि पुढे सर्व व्यवहार त्या क्रमांकाने चालतात. आपण जे नाव पाहतो ते आपल्या सोयीसाठी लावलेली पाटी. तो क्रमांक नानांच्या संगणकाने दिलेला होता, आणि त्याची वही त्या यंत्राबरोबर गेली. आमच्या लॅपटॉपला क्रमांक दिसत होता, पण त्याच्यापुढे लिहावयास नाव सापडत नव्हते. नानांच्या नावाचे नवे खाते आम्ही उघडले असते तरी उपयोग नव्हता, कारण त्याला नवाच क्रमांक मिळाला असता. एका अर्थी यंत्राचे वर्तन फार सरळ होते. मालक कोण हे त्यास कळत नव्हते. पण मालक आम्ही नव्हतो हे त्यास पक्के ठाऊक होते.

उपाय तसा दोन-चार मिनिटांचा आहे. सर्वांत सोपा म्हणजे फोल्डराची नक्कल करून ती आपल्या संगणकावर ठेवणे. नव्या प्रतीचा मालक आपणच होतो आणि प्रश्न मिटतो. मूळ प्रतच हवी असेल तर 'सिक्युरिटी'च्या पानावर 'ॲडव्हान्स्ड' दाबावे. वर 'ओनर' असे लिहिलेले असते, त्यापुढील 'चेंज' दाबून आपल्या खात्याचे नाव द्यावे, आणि आतील फोल्डरांस व फाइलींसही हाच मालक लागू करावा असे सांगणाऱ्या ओळीवर खूण करावी. मग खिडकी बंद करून पुन्हा उघडावी, यादीत आपले नाव घालावे आणि त्यापुढे 'फुल कंट्रोल' द्यावा. काळी खिडकी ज्यांना आवडते त्यांच्यासाठी मालकीकरिता 'टेकओन' आणि अधिकारांकरिता 'आयकॅकल्स' अशा आज्ञा आहेत. मात्र हा प्रयोग आपल्या कागदपत्रांच्या फोल्डरापुरताच करावा. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांची मालकी घेण्याचा मोह कोणी धरू नये, त्याने यंत्रणाच मोडकळीस येते. आणि मूळ मालकाने फाइली सांकेतिक करून ठेवल्या असतील, तर मालकी मिळूनही त्या उघडत नाहीत. तेथे त्याची किल्लीच लागते.

भाचीने जाता जाता आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. सर्वच नकार मालकीचे नसतात. विंडोजमध्ये २०१७ पासून 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाचा एक पहारा आहे. तो चालू असला तर ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रामास डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स या फोल्डरांत लिहू देत नाही. खंडणीखोर विषाणूंसाठी तो बसविला आहे, परंतु कधी कधी घरच्याच माणसाला अडवितो. अशा वेळी 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये जाऊन त्या प्रोग्रामास मोकळीक द्यावी. पहाराच काढून टाकू नये. कॅमेऱ्याच्या कार्डाला कडेला एक इवलीशी खिटी असते, ती खाली सरकली की कार्ड वाचनार्थ होते आणि मनुष्य संगणकाला शिव्या देतो. मॅकवर 'एनटीएफएस'ची डिस्क लावली तर ती मुळातच वाचता येते, लिहिता येत नाही. लिहू देत नाही हे लक्षण एक, पण त्याची कारणे इतकी निरनिराळी. आणि आम्ही मात्र जी खूण डोळ्यांना प्रथम दिसली तिलाच कारण समजून बसलो होतो.

असो. आम्ही नाव बदलले. त्या लांबलचक क्रमांकाच्या जागी आमचे नाव आले. भाची चहा करावयास आत गेली आणि आम्ही सत्ताविसावे प्रकरण उघडले. नावापुढील 'रीड-ओन्ली' नाहीसे झाले होते. त्या दोन वाक्यांच्या शेवटी आम्ही आपले तिसरे वाक्य लिहिले. ते नानांच्याच अक्षरात उमटले, कारण संगणकात सर्वांचे अक्षर एकच. कोणाही वाचकास ते नानांचेच वाटले असते. ते आम्हांस कसेसेच झाले. बापाच्या सहीखाली आपली साक्ष लिहावी तसे ते दिसू लागले. जतन न करता आम्ही ताईला फोन लावला आणि काय करीत होतो ते तिला प्रथमच सांगितले.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण अरे, त्यात ठपका कुठे आहे? तू आलास त्याच्या आदल्या दिवशी आत्या तुझ्या नावाने कुरकुरत होत्या. तेव्हा नानाच त्यांना म्हणाले, परीक्षेचे काम आहे, टाकून कसा येईल? मी तेथेच होते. स्वतः परीक्षा टाकून ते कधी तरी आले असते का? तुझी बाजूच मांडली आहे त्यांनी."

आम्ही ती दोन वाक्ये पुन्हा वाचली. चिरंजीव तिसऱ्या दिवशी आले. परीक्षेचे काम होते. शब्द तेच होते. चाळीस वर्षे परीक्षा घेतलेल्या मास्तराने 'परीक्षेचे काम होते' असे लिहिले, तर त्यावर दुसऱ्या कोणत्या पुष्टीची त्याला गरज वाटली असेल? सत्तावीस वर्षांहून अधिक काळ जो ठपका आम्ही मनात बाळगला, तो त्या पानावर मुळी नव्हताच. आम्ही आपले तिसरे वाक्य खोडले आणि फाइल बंद केली.

पुस्तकाचे काम आता नकलेवर चालू आहे. ऱ्हस्वदीर्घाची दुरुस्ती तेथे होते, आणि पाठभेदांची भीती बाळगणाऱ्या आम्हांस एवढा एक पाठभेद सोसावा लागत आहे. मूळ प्रतीचे मात्र आम्ही निराळे केले. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात आपली ओवी घालू नये अशी तंबी देऊन ठेवली, हे सर्वांस ठाऊक आहे. पोथीला कुलूप घालता येत नाही. परंतु नाथांची ती ताकीद आज चारशेंहून अधिक वर्षे मराठी माणूस ऐकत आला आहे. आम्ही ती चौतीसही फाइली निवडल्या, फोल्डर नव्हे, प्रत्यक्ष फाइली, आणि 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली'च्या चौकटीत आपल्या हाताने खूण केली. तेथे ती खरोखर चालते. ती काढणे कोणासही अवघड नाही; पण काढणाऱ्यास आपण ती काढीत आहो हे कळेल, एवढे पुरे. मग त्यांच्या दोन प्रती करून एक ताईकडे आणि एक भाचीकडे दिली.

भाची चहा घेऊन बाहेर आली तेव्हा आम्ही हेच करीत होतो. "मामा, चार दिवस जे काढावयासाठी भांडलात, तेच परत घालताय?" असे ती म्हणाली. आम्ही होय म्हटले आणि चहा घेतला. फोल्डरावरील भरीव चौकोन अजून तेथेच आहे. आता तो आमच्या डोळ्यांत खुपत नाही.